विदोयेच्या नावापुढची टिंबं

सर्बियातल्या चाचाक गावी आमच्या बास्केटबॉल संघाच्या टेबलावर मी अकरा वर्षं नोंदी ठेवल्या, आणि या देसांकाच्या हातून एकही फुकटचा असिस्ट गेला नाही असं गावात अजून सांगतात. सांगू देत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

या सप्टेंबरात लीगच्या सन्मान-दालनात आमच्या पिढीचा एकच खेळाडू घ्यायचं ठरलं. ज्याचे असिस्ट जास्त, तो. नावं दोनच होती. एक माझा नवरा विदोये, दुसरा तिहोमीर. तिहोमीर आमचा कूम, म्हणजे आमच्या लग्नाला साक्षीला उभा राहिलेला, सख्ख्या भावापेक्षा जवळचा. तो एकोणीसने पुढे होता.

"मावशी, जुने कागद तुमच्याच हातचे," दालनाचा नेनाद खोकं ठेवत म्हणाला. "एकदा तपासून सही करा, की झालं."

तो गेल्यावर विदोये माझ्या मागेच लागला. "नीट बघ गं, देसा. कुठेतरी बेरीज चुकली असेल." हृदयाच्या ऑपरेशननंतर वर्षभर हा माणूस खिडकीशी बसून होता. आता केस कापून आला, सूट काढून उन्हात टाकला. मला बघवेना.

कारण बेरीज बरोबर होती. चूक माझी होती.

नियम असा, की पास घेणाऱ्याने चेंडू जमिनीवर एकदाही न आपटता बास्केट केली, तरच पास देणाऱ्याला असिस्ट. पण घरच्या टेबलाचा हात सैल असतो. चेंडू एक-दोनदा आपटला तरी आम्ही असिस्ट लिहायचो, सगळ्यांनाच. मग माझं विदोयेशी जमलं, आणि संघाच्या सेक्रेटरीची बायको कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं, हुंड्यात असिस्ट देतेस की काय?" कसल्या फिदीफिदी हसल्या सगळ्या! माझ्या अंगाची आग आग झाली. त्या दिवसापासून विदोयेला नियम, बाकीच्यांना सवलत. त्याचा एक गाळला की कागदाच्या कडेला, त्याच्या नावापुढे, पेन्सिलीने एक टिंब. कशाला देत होते, देव जाणे. मन खात असणार.

एक्केचाळीस टिंबं निघाली, आणि तिहोमीर पुढे होता तो फक्त एकोणीसने. मी तीनदा मोजली.

दुसऱ्या दिवशी मी भाजलेल्या मिरच्या सोलत होते. विदोये चष्मा लावून कागदांवर वाकला होता.

"ही टिंबं कसली गं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. हाताला मिरच्यांची काळी सालं तशीच चिकटलेली, आणि मी सगळं सांगून टाकलं.

तो पुन्हा कागद उलटायला लागला. मग म्हणाला, "क्राल्येवोच्या संघाविरुद्ध, शेवटच्या मिनिटाला, आपल्या राशोला मी पाठीमागून पास दिला होता. त्याने एकदा आपटला. तो?"

"तोही."

"आणि त्याच सामन्यात तिहोमीरच्या पासवर राशोने दोनदा आपटला होता!"

"तो लिहिला."

"वा! गावासाठी सोवळी झालीस, आणि भोगायचं कुणी? मी?" त्याचा आवाज चिरकला. "मला वाटायचं, तुझं लक्ष नसेल. मनाला समजवायचो, की पोरगी दमली असेल."

मी हात पुसले. "मी नेनादला फोन करते. खरं काय ते सांगते."

"आता? चाळीस वर्षांनी बायको नवऱ्याचे असिस्ट वाढवतेय, असं म्हणून हसतील. आणि कुमाच्या तोंडचा घास काढू? कुठल्या तोंडाने त्याच्या दारात जाऊ?" त्याने पेन माझ्याकडे सरकवलं. "कर सही."

"विदोये, ऐक ना..."

"कर म्हणतो ना!"

मी केली.

समारंभाला आम्ही पहिल्या रांगेत बसलो. तिहोमीर मंचावर गेला आणि पोरासारखा रडायला लागला. डोळे पुसून म्हणाला, "माझ्या आकड्याला किंमत आहे ती टेबलावर देसांका होती म्हणून. स्वतःच्या नवऱ्याला जिने फुकटचा एक दिला नाही, ती मला कुठून देणार! ऊठ, देसा, लोकांना दिसू दे."

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मीही उठले. शेजारी विदोयेसुद्धा टाळ्या वाजवत होता, हसऱ्या तोंडाने. मला त्या टाळ्या सोसेनात. त्यापेक्षा त्याने चारचौघांत शिवी हासडली असती तरी चाललं असतं.

"मी सांगते," मी त्याच्या कानाशी म्हटलं. "आत्ता, सगळ्यांसमोर सांगते."

त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"खाली बस," तो म्हणाला. "लोक बघतायत म्हणून आयुष्यभर माझ्यावरच खरेपणा गाजवलास. आज एकदा माझ्यासाठी गप्प बस."

मी बसले. त्याने मनगट सोडलं आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागला.