डब्याने पंप बंद केला

"नाचता येईना अंगण वाकडं!" जमुनाकाकी विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "सकाळपासून बगते मी. आदी म्हणालीस केबल वाईट, मंग लॅपटॉप वाईट. आता विहीर वाईट म्हणशील!"

स्नेहलने आणखी एक कळ दाबून पाहिली. मोटारीच्या खोपटीच्या उंबऱ्यावर ती अनवाणी बसली होती. पानवेलींच्या वाडीत चप्पल घालून कोणी जात नाही; तारापूरच्या या अंगाला तो नेम अजून कोणी मोडलेला नाही. मांडीवर लॅपटॉप आणि पायाशी श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात तिने बसवलेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. डब्यातून निघालेल्या दोन स्टीलच्या सळ्या विहिरीत सोडल्या होत्या. पाणी गोडं असेल तर डब्याने पंप चालू द्यायचा, मचूळ व्हायला लागलं की बंद करायचा. तेवढंच त्याचं काम, आणि नेमकं तेच बिनसलं होतं. कालपासून पंप चालूच होईना.

विहीर दोन घरांची होती. एक घर स्नेहलच्या सासऱ्यांचं, विश्रामभाऊंचं, दुसरं त्यांच्या वारलेल्या चुलतभावाची बायको जमुना हिचं. सुरूच्या बनापलीकडे समुद्र. उन्हाळ्यात दोन्ही घरं हावरटासारखं पाणी उपसायची, की खारं पाणी आत ओढलं जायचं आणि वेली करपायच्या. त्यावर जमुनाकाकीने तोड काढली होती बोअरची. एक बोअर पडला की शेजारचे चार जणही बोअर मारतील, आणि मग सगळ्या आळीच्या विहिरींत समुद्रच. हे स्नेहलला दिसत होतं. म्हणून तिने काकीकडून हा एक उन्हाळा मागून घेतला होता, डब्याच्या भरवशावर. सुरुवातीला डबा इतका शहाण्यासारखा वागला की काकीने बोईसरच्या बहिणीला फोन करून त्याचं कौतुक केलं. आता तिच्या वेलींच्या माना पडल्या होत्या आणि बोअरची गाडी तिने परवावर बोलावली होती.

"काकी, जरा थांबा ना."

"मी थांबेन ग. वेली थांबतील काय?"

तिचंही खरंच होतं. सकाळी आधी बोर्ड लॅपटॉपला दिसेचना. पोर्टच्या, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या, यादीत नावच नाही. अर्धा तास डोकं फोडल्यावर कळलं, नवऱ्याने, जितेशने, तिची केबल कामाच्या पाळीला जाताना नेली आणि मोबाइल चार्जिंगची ठेवली. त्या केबलीतून वीज जाते, बोलणं जात नाही. शेजारून दुसरी आणली, तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. बोर्ड एका वेगाने बोलत होता आणि लॅपटॉप दुसऱ्याच वेगाने ऐकत होता. ते जुळवलं, प्रोग्राम पुन्हा चढवायला घेतला, तर म्हणे पोर्ट मोकळा नाही. पडद्यावर मागची खिडकी उघडीच राहिली होती आणि तिने पोर्ट धरून ठेवला होता. स्नेहलने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात विश्रामभाऊ पाण्याची कळशी घेऊन खोपटीमागे गेले, ओतून आले आणि रिकामी कळशी पालथी घालून बसले. कुंभवलीकडच्या कंपनीत त्यांनी वायरमन म्हणून उभी हयात काढली होती.

"वायरिंग बग," ते म्हणाले. "माज्या हातची जोडणी आजपर्यंत कदी चुकली नाय. म्हणून सांगतो."

"बघितली बाबा. तीनदा बघितली."

प्रोग्राम अखेर चढला. पडद्यावर खारटपणाचे आकडे सरळ येऊ लागले आणि स्नेहलचा धीर आणखीच खचला. एरवी चारशेच्या आसपास असणारा आकडा दोन हजारांवर होता. एवढं खारं पाणी? चैत्र तर आत्ता लागलाय. खारं पाणी चढतं ते वैशाख संपता संपता. म्हणजे डबाच खोटं बोलतोय. तिने सळ्या काढल्या, पुसल्या, परत सोडल्या. पुन्हा दोन हजार. ती उठली, बसली, पुन्हा उठली. तिला रडूच येऊ लागलं होतं, पण काकीसमोर रडायचं नव्हतं.

"एक पेला नळाचं पाणी देता का, काकी?"

"पंपाला पाजतेस काय?" असं म्हणत काकीने आणून दिलं.

स्नेहलने सळ्या पेल्यात बुडवल्या. आकडा झपकन खाली, दोनशेच्या आत. मग विहिरीचं पाणी पोहऱ्याने काढून दुसऱ्या पेल्यात घेतलं. दोन हजार. पुन्हा नळाचं, पुन्हा विहिरीचं. डबा एकदाही चुकला नाही.

"काकी! डबा खरं सांगतोय! तुम्हीच चाखून बघा!"

काकीने ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली. "अग बाई! दर्याच आला की विहिरीत!" तिने पदर खोचला. "मंग परवा कशाला? गाडीवाल्याला सांगते, उद्याच ये. आता बोअरबिगर गत नाय."

स्नेहल पेला हातात धरून तशीच उभी राहिली. डबा खरा ठरला आणि ती हरली. असं काही होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

काकी फोन शोधायला वळली. स्नेहलची नजर मात्र खोपटीमागे गेली. सगळी वाडी कोरडी ठणठणीत आणि विहिरीच्या काठाला लागून तेवढाच एक तुकडा ओला.

"बाबा, तिथे रोज पाणी कशाला ओतता?"

"आर्थिंग हाय ते." भाऊंचा चेहरा उजळला. "तू वल्या मातीत अनवाणी बसून तारा जोडतेस. तो तुजा डबा मोटारीशेजारी. मला रातची झोप येईना. मंग होळी झाल्यावर खड्डा खणला, कंपनीत करायचो तसा. आर्थिंगला वलावा लागतो, म्हणून रोज एक कळशी."

"खड्ड्यात काय घातलंत?"

"काय म्हणजे? कोळसा, नि गोणभर मीठ..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. त्यांनी ओल्या मातीकडे पाहिलं, मग विहिरीकडे. रेताड जमीन, हाताच्या अंतरावर विहीर, आणि रोजची कळशी. कोणी सांगायची गरजच उरली नाही.

स्नेहलने खाली बघितलं. सांगितलं तर सासऱ्यांची भावजयीसमोर शोभा, आणि नाही सांगितलं तर उद्या बोअर. आपल्याला शॉक लागू नये म्हणून या माणसाने उन्हात गोण वाहून आणली होती.

काकीने फोन कानाला लावला होता. भाऊ उठले. "जमुना, ठेव तो फोन."

"का, भाऊ?"

"दर्या नाय आला. मी आणलाय." त्यांनी खड्ड्याकडे बोट केलं. "मीठ माजं हाय. पोरीचा डबा कालपासून बोंबलतोय नि आमी त्यालाच गुन्हेगार ठरवला. चोर सोडून संन्याशाला फाशी."

काकी पदर तोंडाला लावून अशी हसली की विहिरीच्या काठावर बसायची पाळी आली. "खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं बगितली, भाऊ. पुरलेल्या मिठाला जागणारे तुमीच!" आणि फोनवर म्हणाली, "गाडी राहू दे रे. विहीर गोडी झाली नाय तर मीच फोन करेन."

मीठ-कोळशाचा चिखल भाऊंनी स्वतः उपसला आणि सायकलवर लादून खाडीत नेऊन टाकला. स्नेहलने डब्याची तार सोडवून पंप हाताने चालू केला आणि खारं पाणी नाल्याला लावलं. खालून झरा भरेल तसं पुन्हा उपसायचं. तोवर दोन्ही घरच्या बायकांनी नळाच्या पाण्याचे हंडे वाहून वेली जगवल्या. काकीच्या दोन ओळी गेल्या. बाकीच्यांनी तग धरला. आर्थिंगचा नवा गज भाऊंनी पार माडांपलीकडे ठोकला, मिठाशिवाय, आणि स्नेहलनेच तो ठोकून घेतला.

पुनवेच्या आधी एका सकाळी आकडा पाचशेखाली आला. डब्यात टक्‌ झालं आणि पंप आपला आपण चालू झाला. काकीने तरी ओंजळ भरून चाखलंच.

"जराशी चव हाय अजून," ती म्हणाली. "पण चालंल."

विश्रामभाऊ तोवर सवयीने कळशी भरून खोपटीमागे पोचले होते. बुजवलेल्या खड्ड्यापाशी ते थबकले, कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि कळशी काकीच्या वेलींच्या मुळाशी रिकामी केली.