नवव्या स्लाइडवरचं चिन्ह

सुवर्णाचं व्याख्यान बुलढाण्याच्या कॉलेजात ठरलं, तेव्हापासून तिथं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अनंत सरांना अन्न गोड लागेना. ती त्यांचीच विद्यार्थिनी. देऊळघाटच्या पुंजाजी-भिमाबाईंची लेक, रोज एसटीनं येऊन पहिल्या बाकावर बसणारी. आता ती जर्मनीत पायॉन नावाच्या कणांच्या टकरींवर संशोधन करत होती. सरांनी पीएचडीला हाच विषय घेतला होता आणि नोकरी लागताच अर्धवट सोडला होता.

तिनं आधी पाठवलेल्या स्लाइड सरांनी ओळ न् ओळ तपासल्या. नवव्या स्लाइडवर वजाच्या जागी अधिक होतं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही.

"आज फार खुशीत दिसता?" बायको पद्मजानं विचारलं.

"कुठं काय," सर म्हणाले आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

सभागृह भरलं होतं. भिमाबाई पुढच्या रांगेत पदर सावरून बसल्या होत्या.

"अणुकेंद्रक बांधून ठेवणाऱ्या बलाच्या नियमांत डावं-उजवं जवळपास सारखं आहे," सुवर्णा सांगत होती. "पण निर्वातात ती सममिती मोडते. म्हणून पायॉन इतके हलके असतात, आणि संथपणे जवळ आले तर एकमेकांवर जवळजवळ परिणामच करत नाहीत."

नववी स्लाइड आली. सर उठले.

"मॅडम," ते मुद्दाम म्हणाले, "इथं दोन्ही पदांची बेरीज होतेय. मग परिणाम शून्य कसा? तुमचा निष्कर्षच कोसळला की!"

सुवर्णाचे कान लाल झाले. तिनं पडद्याकडं नीट पाहिलं.

"बरोबर आहे, सर. इथं वजा हवं. टाइप करताना चुकलं माझं. तुम्हीच फळ्यावर करून दाखवता?"

सर तोऱ्यात फळ्यापाशी गेले. चिन्ह बदलताच दोन्ही पदं एकमेकांतून वजा होऊन शून्य उरलं. टाळ्या पडल्या.

"पण सर, ऊर्जा थोडी वाढवली तर काय उरतं?" राखी नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं.

सरांचा खडू थांबला. एके काळी हे त्यांनी पन्नास वेळा केलं होतं. आता पुढची ओळ आठवेना.

"छेदाचा विस्तार, सर," फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं सुवर्णा म्हणाली. "पहिलं पद ठेवा."

त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, पुन्हा टाळ्या पडल्या. ती आपल्याला हसली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

बाहेर भिमाबाईंनी त्यांना गाठलं. "सर, मले तं काई समजलं नाई. पर तुमी चूक काढली, बेस केलं. परक्यानं काढली असती तं पोरीले लय लागलं असतं."

सरांना मान वर करवेना. तेवढ्यात सुवर्णा आली.

"सर, यावरचा लेख अजून छापायला दिला नाही. एकदा तपासून द्याल?"

"बघतो," ते तुटकपणे म्हणाले.

चौतीस पानं होती. चार दिवस कॉलेज सुटल्यावर ते रिकाम्या प्रयोगशाळेत बसून चूक शोधत राहिले. एकविसाव्या पानावर सापडली! त्यांनी टेबलावर थाप मारली. पुन्हा मांडून पाहिलं, तर चूक त्यांचीच होती.

पाचव्या दिवशी त्यांनी मेसेज लिहिला, 'एकही चूक नाही.' पुसला. 'चिन्हं जपून लिहीत जा,' असं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी पहिलंच वाक्य पाठवलं.

लगेच उत्तर आलं, 'सर, आभारात तुमचं नाव घालू?'

आभार शेवटच्या पानावर असतात, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हो म्हणावंसं वाटलं. 'नको,' लिहून त्यांनी फोन उलटा ठेवला.