भंडाऱ्याचं प्रात्यक्षिक

विषारी इमारत साफ करायला मी हळदीवर शिकलो. चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, निपाणीत, तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत. खरं विष शिकाऊ माणसांवर वाया घालवू नये, एवढा समंजसपणा त्या काळी सरकारकडे होता.

झालं होतं असं, की जवळच्याच एका गावी सोसायटीच्या गोदामात बीएचसी पावडरची पोती कुजून फुटली होती. ते कीटकनाशक फरशीत, भिंतीत, तुळयांवर, सगळीकडे जाऊन बसलेलं. आणि त्या इमारतीत शाळा भरवायची असं ठरलं. शाळा आधी भरवावी, साफसफाईचं नंतर बघू, असाही एक विचार पुढे आला होता. तो थोडक्यात हरला. मग आम्हा सहा जणांना पकडून आणलं आणि बेंगळुरूहून शिवरुद्रप्पा नावाचे एक साहेब शिकवायला आले.

मी सोसायटीचा कारकून. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेलो, त्यामुळे विषाशी माझा संबंध आहे असं वरच्यांनी गृहीत धरलं. पारूबाई वखारीत तंबाखू निवडणारी, पन्नाशीची. धुळीत राहायची सवय ही तिची पात्रता. तिनं पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं आणि मी सांगायच्या आत 'बीएस्सी' ठेवून टाकलं. आणि कल्लाप्पा. जांबोटीचा, मलेरिया खात्यात फवारणीला जाणारा. खातं त्याला दर पावसाळ्यात बोलवायचं आणि पाऊस संपला की घरी पाठवायचं. असं बरीच वर्षं चाललेलं. ह्या प्रशिक्षणात पास होईल त्याला कायमची नोकरी होती आणि भरतीच्या वयात बसायची कल्लाप्पाची ती शेवटची संधी होती. बाकीचे तिघे चहाला हजर असायचे.

बेळगाव भागात तेव्हा कुठलीही पाटी कुठल्या भाषेत लावायची ह्यावर मोर्चे निघत. शिवरुद्रप्पा साहेबांनी वखारीच्या दारावर नुसती कवटी आणि दोन हाडं काढली. ती दोन्ही बाजूंना मान्य झाली. साहेब कन्नडात शिकवत, आम्ही मराठीत शंका काढत असू आणि कुणाचंच काही अडत नसे. ते म्हणत, विषात शिरायला कुणालाही येतं, कला आहे ती बाहेर येण्यात. खडूनं त्यांनी जमिनीवर तीन भाग पाडले होते: घाण, मधला आणि स्वच्छ. आत ओला भुसा पसरून पूड झाडायची, पिशवीत भरायची, तोंड बांधायचं. मग मधल्या भागात येऊन आधी बूट धुवायचे, मग वरचे हातमोजे काढायचे, मग अंगावरचा झगा उलटा करत उतरवायचा, मग मास्क, आणि सर्वांत शेवटी आतले हातमोजे. एवढं करून स्वच्छ भागात आलेल्या माणसावर पुडीचा कणही दिसला, तर तो माणूस मेला असं समजायचं.

पूड दिसावी म्हणून साहेबांनी बाजारातून हळद आणवली होती. साहेबांच्या घरी हळद सारात पडत असेल. जमिनीवर उधळलेली हळद म्हणजे आमच्याकडे देवाचा भंडारा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सहाच्या सहा जण नियमानं झाडून, नियमानं धुऊन, नियमानं कपडे उतरवून स्वच्छ भागात आलो. सहा जणांच्या कपाळावर हळदीचा टिळा. साहेब एकेकाच्या तोंडावर बॅटरी मारत गेले. शेवटी त्यांनी मलाच, शिकलेला म्हणून, विचारलं, की पूड उडाली हे कळलं, पण ती सगळ्यांच्या बरोबर मधोमध आणि गोल कशी काय उडाली?

कल्लाप्पाच बोलला. "भंडाऱ्यावर पाय दिला साहेब. तसंच भाईर कसं यायचं?"

साहेबांनी वहीत सहा माणसं मेल्याची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी पूड बदलायची चर्चा झाली. साहेबांनी पीठ सुचवलं. अन्नाला बुटानं तुडवायला कुणी तयार होईना. गुलाल म्हणजे देवाचाच. राख म्हटल्यावर साहेबांचा स्वतःचाच हात कपाळावरच्या विभूतीकडे गेला. मी खडूची भुकटी म्हणालो, तर दोघांनी माना हलवल्या; शाळेत पाटीला पाय लागला की पाया पडायची सवय त्यांची गेली नव्हती. उरली तंबाखूची धूळ, वखारीत पडलेली, फुकट. तिच्यावर प्रयोग झाला. तिच्याकडे कुणी देव म्हणून बघितलं नाही. पारूबाईनं येताना चिमूटभर दाताला लावली. सारांश, आमच्या भागात जमिनीवर पडलेली कुठलीही पूड कपाळाला तरी लागते नाहीतर तोंडात तरी जाते. साहेब हळदीवर परत आले.

आठवडाभरात बाकीचे सुधारले. मीही सुधारलो, मला कॉलेजात नास्तिक होण्याचा थोडा सराव होता. कल्लाप्पाला मात्र जमेना. त्याची आई सौंदत्तीच्या यल्लव्वा देवीची भक्त, घरात भंडारा देव्हाऱ्यात ठेवलेला, खाली सांडला तर आख्खं घर वाकणार. तो सांगायचा, मला कळतं सगळं, हात ऐकत नाही. काम त्याचं आम्हा सगळ्यांत उत्तम होतं. तो रोज उत्तम काम करून रोज मरत होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला की उद्या येतच नाही, गावी जातो, म्हशी बघतो. पारूबाईनं भाकरी मोडायची थांबवली.

"आत जायच्या आदीच माफी मागून घे की रं," ती म्हणाली. "हातमोजं घालायच्या अगुदर. दारातनंच हात जोड, म्हणावं, आई, पाय द्याय लागतोय, पोटासाठी हाय. म्हंजे येताना काय ऱ्हायलं?"

कल्लाप्पानं हातातला घास खाली ठेवला. मग विचारलं, "चालतंय व्हय?"

"न चालायला काय झालं? तिला काय तुझं पोट दिसत न्हाई?"

हा प्रस्ताव मी साहेबांपुढे कन्नडात मांडला. फळ्यावरच्या नियमांतली पहिली पायरी बदलायची तर बेंगळुरूची मंजुरी लागली असती. म्हणून साहेबांनी फळ्यावर पहिलीच्या वर शून्य लिहिलं आणि त्यापुढे 'हात जोडणे'.

परीक्षेला बेळगावचे दोन अधिकारी आले होते. कल्लाप्पानं दारात उभं राहून हात जोडले, ओठ हलवले आणि मग मोजे चढवले. आत भुसा पसरला, कोपऱ्यापासून दाराकडे झाडत आला, पिशवी बांधली. मधल्या भागात बूट धुतले. वरचे मोजे गेले, झगा गेला, मास्क गेला. घामानं तोंड निथळत होतं. आणि त्याचा उजवा हात, आतला मोजा अजून चढवलेला, कपाळाकडे निघाला.

तो अर्ध्यावर थांबला. कल्लाप्पा त्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत होता. अधिकारी पुढे वाकले. शिवरुद्रप्पा साहेब मान वर करून छत तपासू लागले. छतात तपासण्यासारखं काही नव्हतं.

"येकदा माफी मागून झालीया न्हवं?" पारूबाई भिंतीला सांगावं तशी म्हणाली. "तिला भैरी समजतोस काय रं?"

हात खाली आला. दुसऱ्या हातानं मोजा उलटा करत उतरवला, पिंपात टाकला. बॅटरीच्या उजेडात त्याचं कपाळ इतकं कोरं होतं, की मला तो ओळखीचा वाटेना. साहेबांनी वहीत 'जिवंत' असं लिहिलं आणि पुढे सही केली.

पुढच्याच महिन्यात आम्ही खऱ्या गोदामावर गेलो. आता तिथं शाळा आहे. कधी त्या रस्त्यानं गेलो तर पाढे ऐकू येतात आणि मी उगाचच जरा थांबतो. पारूबाई गेली, साहेबांचं पत्र येणं बंद झालं. पण गोदामावरच्या त्या पहिल्या सकाळचं चित्र मला अजून स्वच्छ आठवतं. आम्ही सगळे दारात ओळीनं उभे, सगळ्यांनी हात जोडलेले, सगळ्यांत पुढे आता नोकरीत कायम झालेला कल्लाप्पा, आणि समोर कुजलेल्या विषाचा वास मारणारा अंधार. पिशव्या न्यायला आलेला ट्रक-ड्रायव्हर चपला काढून मागं उभा राहिला आणि हळूच विचारता झाला, की आत कुठला देव आहे.

"द्येव न्हाय रं, जहर हाय," कल्लाप्पा मागं न बघता म्हणाला. "चपला घाल आदी. हात काय जोडायचं ते आत्ताच जोड, मागनं कपाळाला लावायचं न्हाईत."