जांभळं पाणी

"शिडी नीट धर," सनोबर म्हणाली आणि भिंतीवरचं पोस्टर तिने नखांनी खरवडायला घेतलं.

मी शिडी धरली. आमच्या गावच्या आरोग्य केंद्राची ती भिंत. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक नर्स, म्हणजे माझी बायको. ते पोस्टर शरदात तिनेच खळ लावून चिकटवलं होतं. 'स्वच्छ स्त्री, निरोगी घर' असं वर लिहिलेलं आणि खाली डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई परात आणि साबण घेऊन हसत असलेली. जिल्ह्याहून पोस्टरं आली, साबणाच्या पेट्या आल्या, निरोध आले नाहीत. सनोबरने मागितले तेव्हा साहेब म्हणाले की गावात लाज असते, बायकांना संकोच होईल. एचआयव्ही हा शब्द त्या पोस्टरवर कुठेच नव्हता.

"बाईला नुसतं सांगायचं, धू म्हणून," ती वरून बोलत होती. "कुठे धू, कुठे धुऊ नको, काय पाण्याने जातच नाही, ते तोंडातून काढायचं नाही. आणि मी बावळट, खळ लावत बसले."

मी शाळेचं वाचनालय सांभाळत असे. पुस्तकांशी बोलायची सवय, माणसांशी कमी. असल्या विषयावर माझ्यासारख्या म्हाताऱ्याने लिहावं का, याची मला अजूनही खात्री नाही. पण सनोबर लिहीत नाही, ती रागावते. ऐकायला मीच असतो.

त्या दिवशी सकाळी तिच्याकडे एक तरुण सून येऊन गेली होती. नाव तिने मला सांगितलं नाही. नाव मला पुढे कळलं, सगळ्या गल्लीला कळलं तेव्हा. पोरगी आतून भाजलेली होती. आमच्याकडे घरोघरी फडताळात परमँगनेटच्या जांभळ्या खड्यांची बाटली असते. घसा धरला, घ्या खडा. बाळाला न्हाऊ घालायचं, टाका खडा. आणि हिवाळ्यात कामाला गेलेले पुरुष रशियाहून परत यायला लागले की सासवा कोमट पाण्यात तेच खडे विरघळवून सुनांच्या हातात भांडं देतात. नवरा यायच्या आधी, आणि तो आल्यावर रोज. आतून धुवायचं. तो जे काही घेऊन आला असेल ते पाण्याबरोबर निघून जातं, अशी समजूत. पुरुष काहीतरी घेऊन येतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचं नाव कोणी घेत नाही.

सनोबरने पोरीला समजावलं होतं. आतली जागा स्वतःची स्वतः स्वच्छ होते, बाहेरून साधं पाणी पुरे. औषधी पाण्याने आतली त्वचा सोलते आणि सोललेल्या त्वचेतून विषाणूला आत शिरायला आणखी सोपं जातं. नवऱ्याला आधी रक्त तपासायला सांग आणि तोवर निरोध. पोरीने सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग विचारलं होतं, "आपा, मी निरोधचं नाव काढलं तर ते म्हणतील, हे तुला कोणी शिकवलं? तेव्हा मी काय सांगू?"

तिचा नवरा शुक्रवारी येणार होता.

मंगळवारी आमच्या गल्लीतल्या खोसियत खालाच्या घरी बीबी सेशंबेचा नवस होता. मुलगा सुखरूप घरी येतोय म्हणून मंगळवारच्या बीबीला पिठाची आटवल शिजवायची, बायकांनी भोवती बसायचं आणि ओतिन-बीबीने, म्हणजे बायकांना धर्माचं वाचून दाखवणाऱ्या म्हातारीने, पोरक्या मुलीची गोष्ट वाचायची. पुरुषाची सावलीही तिथे चालत नाही, पाळण्यातला मुलगासुद्धा शेजारी ठेवून येतात. त्यामुळे पुढचं सगळं सनोबरने सांगितलेलं. काही निसटलं असेल तर दोष माझा.

गोष्ट संपली आणि चहा फिरायला लागला, तेव्हा सनोबरने तोंड उघडलं. तिच्या मते हीच एक जागा होती, जिथे सगळ्या सासवा आणि सगळ्या सुना एकत्र बसलेल्या आणि दाराशी एकही पुरुष नाही. तिने जांभळ्या पाण्याचं सांगितलं, मग विषाणूचं सांगितलं, मग पिशवीतून निरोधचं पाकीट काढून चादरीवर रोट्यांच्या शेजारी ठेवलं. ते तिने बाजारातून स्वतः विकत आणलं होतं.

बायका आधी हसल्या. एकीने विचारलं, मोजे घालून कोणी पाय धुतं का ग? दुसरी म्हणाली, माझा तर दोन वर्षं आलाच नाही, मी हे कोणाला घालू, चहाच्या किटलीला? सनोबरही हसली. हसल्या म्हणजे ऐकतायत, असं तिला वाटलं.

मग खोसियत खाला बोलली, आणि हसणं थांबलं.

"माझा दिलशोद घाणेरडा आहे, असं म्हणतेस तू?"

"घाणेरडं कोणीच नाही, खाला. ते रक्तात असतं. रक्तातलं कसं धुणार?"

"तुझ्याच भिंतीवर लिहिलंय, स्वच्छ स्त्री, निरोगी घर. वाचता येतं मला."

सनोबरने सांगितलं की ते तिने काढून टाकलंय. खाला म्हणाली, म्हणजे सरकार खोटं आणि तू खरी. मग ती ओतिन-बीबीकडे वळली. बीबी, पाक राहा असं सांगितलंय की नाही? ओतिनला उत्तर ठाऊक होतं, असं सनोबर शपथेवर सांगते. नमाजाआधीचं धुणं काय आणि हे काय, हे त्या म्हातारीनेच गावातल्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. पण यजमानीण खाला होती. ओतिनने पोथी कापडात गुंडाळली आणि म्हणाली, "आधी आटवल खाऊन घ्या ग, निवतेय."

खालाने सोडलं नाही.

"एवढी भाजते म्हणतेस ना आतून, मग कोण भाजली? कोण आली तुझ्याकडे रडत? नाव सांग. नाव सांगितलंस तर आत्ता जाऊन बाटली फेकते."

चादरीच्या पलीकडे खालाची सून मावलुदा चहा ओतत होती. तीच ती, हे मला पुढे कळलं. तिने प्याला नेमका अर्धा भरला, जसा पाहुण्याला भरतात, आणि तो सनोबरपुढे सरकवला. वर पाहिलं नाही.

नाव सांगितलं असतं तर बाटली गेली असती, कदाचित. मुलगी नक्की गेली असती. नर्सकडे जाऊन घरचं सांगणारी सून कोण ठेवतं?

"नाव नाही सांगणार," सनोबर म्हणाली.

"नाव नाही म्हणजे बाई नाही. बाई नाही म्हणजे खोटं," खाला म्हणाली आणि ते पाकीट चिमटीत धरून तिने सनोबरच्या पिशवीत परत टाकलं. बायका आटवल खायला लागल्या.

घरी येऊन सनोबरने एवढ्या जोरात कणीक तिंबली की परात जमिनीवर सरकत गेली. मग मला म्हणाली, तू पुरुष आहेस, पुरुषाशी तू बोल. दिलशोद आल्यावर मी त्याला चहाच्या दुकानात गाठलं. शाळेत असताना तो वाचनालयातून समुद्राची पुस्तकं न्यायचा, मला मुअल्लिम, म्हणजे गुरुजी, म्हणायचा. मी बरंच अडखळून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मोठ्यांचा मान ठेवणारा मुलगा. मग हसून म्हणाला, "मुअल्लिम, मी आजारी दिसतो का तुम्हाला? बैलासारखा आहे मी. तपासायला जायचं आणि कागदावर काही आलं तर रशियात परत घेत नाहीत, तिथलं कामच जाईल." त्याने माझ्या चहाचे पैसे दिले. वसंतातला नवरोज झाला आणि तो परत रशियाला गेला.

जर्दाळू पिकले तेव्हा मावलुदाला दिवस गेल्याचं कळलं. गरोदर बायकांचं रक्त जिल्ह्याला तपासतात. निकाल सांगायला तिथून फोन आला तो खोसियत खालाच्या मोबाइलवर, कारण सुनेकडे मोबाइल नव्हता. फोनवरच्या बाईने विचारलंही नाही की पलीकडे कोण आहे. खाला 'हं' म्हणाली आणि त्या बाईने सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं.

सनोबर धावत गेली. मीही तिच्यामागे गेलो, फाटकाबाहेर उभा राहिलो. ती खालाला सांगत होती की रोज एक गोळी घेतली तर मावलुदा म्हातारी होईपर्यंत जगेल, बाळ बहुतेक चांगलंच जन्मेल, दिलशोदला फोन करा, त्यालाही गोळ्या सुरू करायला हव्यात.

"त्याचं नाव घेऊ नकोस," खाला म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही. झालं असतं तर कागद आला असता. हिचा आला."

"त्याने तपासलंच नाही, खाला."

"तेच म्हणते मी."

सनोबर बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. घरी पोचल्यावर म्हणाली, ज्याने तपासलं नाही तो स्वच्छ, जी तपासायला गेली ती घाण. हे कोणत्या साबणाने धुवायचं, ते तू मला तुझ्या पुस्तकांतून शोधून दे. अजूनही ते कुठे सापडलेलं नाही.

त्याच आठवड्यात मावलुदाचा भाऊ ट्रक घेऊन आला. मुलगी माहेरी परत पाठवायची म्हणजे तिच्याबरोबर आलेल्या गाद्या-रजयाही परत पाठवतात. खालाने त्या सगळ्या अंगणात आणून टाकल्या होत्या. घरातल्या कोणी हात लावला नाही. भाऊ, सनोबर आणि मी, आम्ही तिघांनी त्या वर चढवल्या. रेशमी, लाल-हिरव्या, काहींच्या घड्या अजून मोडलेल्याही नव्हत्या. मावलुदा सनोबरबरोबर जिल्ह्याला जाऊन आली होती, गोळ्यांची डबी तिच्या पिशवीत होती.

ती ट्रकच्या दारापाशी थांबली. गोळीची वेळ झाली होती.

"आत बसून घे, बाळा," सनोबर हळूच म्हणाली.

मावलुदाने नकारार्थी मान हलवली. गल्लीतली फाटकं अर्धवट उघडी होती आणि प्रत्येक फटीत रुमाल बांधलेलं एकेक डोकं दिसत होतं. खाला आपल्या उंबऱ्यात उभी होती. मावलुदाने डबी काढली, गोळी तळहातावर घेतली, भावाकडून पाण्याची बाटली मागून घेतली. पाठ वळवली नाही. गोळी गिळून बाटलीचं झाकण घट्ट लावलं, भावाला परत दिली, आणि मग पोटाला एका हाताने सावरत ट्रकमध्ये चढली.