लग्नाच्या व्हिडिओतला ढोलवाला

आईच्या चर्चमधल्या मैत्रिणीच्या मुलीचं इटलीत लग्न झालं. मैत्रिणीनं त्याचा व्हिडिओ मोठ्या कौतुकानं आईला मेमरी कार्डावर घालून दिला. आईचा फोन बटणांचा, जुना. त्यात तो उघडेचना. माझा भाऊ ओसारेटिन समुद्रापार इटलीला जायचं म्हणून लिबियाच्या वाटेला लागताना तिला तो फोन देऊन गेला होता. पुढे बोटीतून वाचून आलेल्या एकानं सांगितलं, की ओसारेटिन आणि शेजारच्या उवाइला मावशीचा एफोसा, दोघंही बुडाले. आम्ही एकाच दिवशी दोन रिकाम्या शवपेट्या पुरल्या. तेव्हापासून आई त्या फोनला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. या वेळी मात्र तिनं तो माझ्याकडे दिला आणि मी मोबाइलच्या दुकानातून व्हिडिओ त्यात चालेल असा लहान करून आणला.

आई अकारा, चवळीच्या पिठाचे वडे, तळत होती. मी शेजारी बसून व्हिडिओ लावला. आधी नुसताच आवाज आला, चित्र अडकलेलं. मग ते हललं. नवरीच्या मागे ढोल वाजवणारा माणूस मान डावीकडे टाकून हसला, थेट ओसारेटिनसारखा.

मी आईकडे पाहिलं. तिच्या हातातला झारा तेलात पडला होता.

"एसोहे, मागं घे," ती म्हणाली.

मी मागं घेतलं. बोटभर पडद्यावर तो पुन्हा हसला. कढईतले अकारे काळे पडले, तरी आम्ही दोघी हललो नाही. रडूसुद्धा येईना.

संध्याकाळपर्यंत मैत्रिणीच्या मुलीकडून त्या ढोलवाल्याचा नंबर मिळाला. आईनं स्वतः लावला.

"माझा नंबर विसरला होतास?"

आईला तो ईये म्हणायचा. आताही तसंच म्हणाला, "नाही, ईये. एफोसाला मीच चल म्हणालो होतो. त्याचा हात माझ्या हातात होता, तो सुटला. मी जिवंत आहे म्हटलं असतं तर मावशी विचारायला आली असती. मी काय सांगणार होतो?"

आईनं त्याला एक शब्द सुनावला नाही. जेवतोस का, एवढंच विचारलं. मग बोलणं संपवलं, कमरेचं कापड नीट गुंडाळलं आणि फोन घेऊन शेजारी गेली. मी नको नको म्हणत तिच्या मागोमाग गेले.

उवाइला मावशी भेंडी चिरत होती. आईनं तिला सगळं सांगितलं, हात सुटल्याचंही. मावशीनं सुरी खाली ठेवली, फोन मागून घेतला आणि अख्खा व्हिडिओ पाहिला. नाच, केक, पाहुण्यांच्या रांगा, सगळं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितला.

"माझा कुठं मागंबिगं उभा आहे का, बघ गं," ती मला म्हणाली. "तुझे डोळे चांगले आहेत."

मी प्रत्येक चेहरा पाहिला. नाही म्हणाले.

ती आईशी आठवडाभर बोलली नाही. मग एका रविवारी चर्चहून येताना आमच्या दारात थांबली आणि म्हणाली, "त्याला लाव. मला बोलायचंय." आईनं नंबर लावून दिला. मावशी फोन घेऊन अंगणाच्या टोकाला गेली. ती काय बोलली, ते आम्हाला ऐकू आलं नाही. बहुतेक वेळ ती ऐकतच होती.