सात नंबरची टाच

गोल्फच्या साहित्यावर मी एकोणीस वर्षं परीक्षणं लिहितोय. खेळतो यथातथाच. पण चांगलं खेळणारे खेळण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे हौशी खेळाडूंच्या मासिकात सल्ला द्यायचं काम आपसूक माझ्यासारख्यांकडे येतं. चारपेक्षा कमी तारे मी कधी दिले नाहीत. दिले की कंपनी क्लबचा, म्हणजे काठ्यांचा, पुढचा सेट पाठवत नाही.

भावोजींना जाऊन चार महिने झाले तेव्हा ताईने बोलावून घेतलं. त्यांचा सेट बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता आणि बॅगेवर त्यांची टोपी होती. खोलीत शिरताना मी, काही कारण नसताना, त्याला मान लववली.

"या काठ्या नवीन शिकणाऱ्यांना देऊन टाकायच्यात," ताई म्हणाली. "पण आधी तू मारून बघ. अकरा वर्षं यांचा चेंडू डावीकडे गेला. घरी आले की एकच पालुपद, मीच नालायक. मला एवढंच सांग, खोट काठीत होती की यांच्यात?"

"अगं, त्या सेटला मी पाच तारे दिले होते."

"म्हणून तर तुला विचारतेय. तुझं वाचूनच घेतला ना त्यांनी."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरावाच्या मैदानावर गेलो. बॅगेतून सात नंबरचा क्लब काढला. मुठीचं रबर वरच्या टोकाला नवंकोरं होतं आणि दोन बोटं खाली अंगठ्याचा खळगा पडलेला. भावोजी बुटके, क्लब आखडूनच धरायचे. मी घरातला सगळ्यात उंच. मी नेहमीसारखं वर धरलं आणि मारलं. चेंडू डावीकडे.

दुसरा डावीकडे. तिसराही.

शेजारी मैदानावरचा कोच उभा होता. "काय हो, आज असे वाकून का? क्षणभर दचकलोच. हुबेहूब तुमचे भावोजी."

खाली पाहिलं. माझा अंगठा त्या खळग्यात होता. तो तिथे कधी गेला, मला कळलं नव्हतं. गुडघे वाकलेले, पाठीला पोक. मी सरळ झालो, हात वर घेतले, चेंडूवर नजर लावली. मारून झाल्यावर पाहिलं, तर अंगठा पुन्हा खळग्यात.

कोचने क्लबच्या तळाला चिकटपट्टी लावली आणि कडक फळीवरून मारायला सांगितलं. क्लब मापाचा असेल तर पट्टीच्या मधोमध ओरखडा उमटतो. हा टाचेला, म्हणजे दांड्याकडच्या कडेला उमटला.

"उंच माणसासाठी बनवलेला सेट आहे," तो म्हणाला. "बुटक्याच्या हातात याचं टोक हवेत राहतं, टाच जमिनीत रुतते, चेंडू डावीकडे पळतो. देवाने मारला तरी डावीकडेच. कुणी गळ्यात मारला हा त्यांच्या?"

मी चेंडू ठेवायची टी शोधायच्या निमित्ताने बॅगेच्या खिशात हात घातला. हाताला चौघडी केलेला कागद लागला. माझं परीक्षण. 'कोणत्याही उंचीच्या खेळाडूला निःशंकपणे घेता येईल', या वाक्याखाली पट्टी धरून मारलेली रेघ. भावोजी इमारतींचे आराखडे काढायचे. अर्ध्या मिलिमीटरने त्यांची झोप उडायची. फोटोतल्या क्लबच्या डोक्यावर त्यांनी बाण काढला होता आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'प्लास्टिक काढलेलंच नाही.'

खरं होतं. मजकूर द्यायची मुदत संपत आली होती. खोक्यावरचं वाचून मी लिहून टाकलं होतं.

त्याखाली वेगळ्या पेनाने आणखी एक ओळ होती: 'तरी तो म्हणतो तर असेल. सराव वाढवावा.'

अकरा वर्षं हा माणूस दर रविवारी माझ्यासोबत खेळला. चेंडू डावीकडे गेला की माझ्याकडे बघून ओशाळं हसायचा. आणि मी त्याला, मनगट सैल सोडा, असं सांगायचो.

संध्याकाळी ताईकडे गेलो. तिने चहा ठेवला, पण कप पुढे केला नाही.

"खोट त्यांच्यात नव्हती," मी म्हणालो.

"मग काठीत?"

"काठीतही नाही. ती माझ्या मापाची होती. मी ती न मारताच लिहिलं होतं, ताई. आणि त्यांना ते कळलं होतं."

कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा शोधला, कागद वाचला, पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वेडा माणूस," ती म्हणाली. कोणाला, ते मी विचारलं नाही. मग म्हणाली, "छाप हे. तुझ्या नावाने छाप. आणि आत्ता इथे बसून लिही, घरी गेलास की तुला कामं आठवतील."

तिने भावोजींचं पेन आणून दिलं. मी लिहू लागलो: 'या सेटचं परीक्षण मी अकरा वर्षांपूर्वी केलं नव्हतं.' ओळ पूर्ण झाली तेव्हा ताई माझ्या हाताकडे टक लावून बघत होती.

पेन मी दोन बोटं खाली धरलं होतं.