कानांनी केलेला अभ्यास

"अहो, आता शेवटचं विचारते. येताय की नाही?"

पदवीदानाचा काळा झगा टेबलावर पसरून मावशीने त्याच्या बाहीवर पाणी शिंपडलं. झगा भाड्याचा, आजवर किती जणांच्या अंगावरून आला असेल ते देवालाच ठाऊक. पण सुरकुतलेला कपडा तिच्या इस्त्रीच्या दुकानातून कधी बाहेर पडला नव्हता, आणि आज तर तो तिच्याच अंगावर जायचा होता.

खाटेवर बसलेल्या नवऱ्याने डावा हात आडवा हलवला. नाही.

"चाकाच्या खुर्चीतून नेते बाबा," लेक म्हणाली. "सभागृहाला उतार आहे. मी मुद्दाम बघून आलेय."

पुन्हा तोच हात.

"राहू दे गं," मावशी म्हणाली. "जन्मभर बस चालवली त्यांनी. दुसऱ्याच्या गाडीत बसले की पाय आपोआप ब्रेक शोधतो. तुझ्या ढकलगाडीत कशाला बसतायत!"

तो गालातल्या गालात हसला. उजवा गाल आता हलत नसे, म्हणून डाव्या. हसला खरा, पण मान भिंतीकडे वळवली.

मावशीला सगळं समजत होतं. ज्या माणसाच्या एका हाकेला अख्खी बस पुढे सरकायची, त्याच्या तोंडून आता शब्द फुटत नव्हता. चार लोकांत कुणी विचारपूस केली तर उत्तर काय द्यायचं? समजत होतं, तरी मन मानत नव्हतं. तिला पदवी हवी होती, ती मिळालीच होती. व्यासपीठावरून तिचं नाव पुकारलं जाईल तेव्हा ते त्याच्या कानावर पडावं, एवढंच मागणं उरलं होतं. कारण हा सगळा अभ्यास मुळात त्याच्याच तोंडचा.

निवृत्त झाल्यावर कॉलेजचा अर्ज त्यानेच आणला होता. "लग्नामुळे तुझं कॉलेज राहिलं, त्यात माझाही वाटा आहेच की. तू शीक."

"आणि कपडे कोण करणार? हात मोकळे आहेत का माझे?"

"कान मोकळे आहेत ना? मी वाचतो."

आणि काय वाचायचा! भल्या पहाटे उठून कीर्तनं ऐकायला जाणारा माणूस तो. अर्थशास्त्राचा धडासुद्धा तशाच चालीवर लावी. एक वाक्य वर चढवायचं, मध्येच थांबायचं, "बरं का पंडित!" म्हणून तिच्याकडे बघायचं आणि मग अर्थ असा अलगद खाली उतरवायचा की इस्त्री हातात थबकून राही आणि तिचे डोळे आपोआप मिटत. एकदा एका गिऱ्हाईकाचा सदरा त्यापायी जळाला. मागणी-पुरवठा तिला कळला तो शेवटच्या बसच्या गर्दीवरून.

पुस्तकातलं एक अक्षर मात्र तो गाळत नसे. पहिल्याच चाचणीनंतर सरांनी तिला उभं केलं. "मावशी, उत्तर छान आहे. पण खाली 'आकृती पुढील पानावर पाहा' असं लिहिलंयत. पुढचं पान तर कोरंच आहे. आकृती कुठंय?"

"ती घरी आहे सर," मावशी म्हणाली. "ह्यांच्याकडे."

वर्गातली पोरंपोरी बाकावर डोकी टेकून हसली. घरी आल्यावर तोही हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेव्हा दोन्ही गाल हलायचे.

शेवटच्या वर्षी त्याला झटका आला. लेकीने मोबाइलवर धडे लावून दिले. कोणी बाई फार शुद्ध वाचायची. मावशीला ऐकू येई, पण आत उतरत नसे. शेवटी इस्त्री बंद करून ती स्वतःच त्याच्यासमोर मोठ्याने वाचायला बसली. घाई केली की तो डावं बोट उचलायचा. ते बोट बघून ती दम घ्यायची. परमेश्वराने आवाज नेला, बोट ठेवलं, त्याचेच उपकार मानून ती पास झाली.

"आई, उशीर होतोय," लेक म्हणाली. शेजारीण त्याच्यापाशी येऊन बसली आणि दोघी निघाल्या.

सभागृहात मावशीच्या रांगेतली सगळी तिच्या नातवंडांच्या वयाची. नावं पुकारली जात होती, टाळ्या पडत होत्या. तिचं नाव आलं. सराईत, मोकळा, परका आवाज. मावशीने सवयीने डोळे मिटले आणि ती ऐकत राहिली. वाक्य वर चढलं होतं, आता थांबेल, मग कुणीतरी "बरं का" म्हणेल.

नाव पुन्हा आलं, जरा जोरात. शेजारच्या मुलीने कोपर मारलं. "आजी, तुम्हीच ना? जा की!"

सभागृह हसलं, मग टाळ्या वाजवू लागलं. मावशी लगबगीने वर चढली.

घरी पोचेपर्यंत ऊन कलतीला लागलं होतं. झगा तिच्या अंगावर तसाच होता. तिने पदवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि खाटेच्या कडेला टेकली.

"बाबा, काय सांगू तुम्हाला," लेक दारातूनच सुरू झाली. "दोनदा पुकारलं आईला! ही आपली डोळे मिटून ढिम्म! मला वाटलं, झोपली की काय!"

"झोपतेय कशाला," मावशी पुटपुटली. "नीट ऐकू आलं नाही."

त्याने पदवीवरच्या तिच्या नावावरून बोट फिरवलं. मग मान वर केली. ओठांची डावी कड थरथरली, गळ्याची शीर ताणली, तोंड अर्धवट उघडलं.

लेक पुढे झाली. "पाणी हवंय का बाबा?"

मावशीने हातानेच तिला थांबवलं आणि डोळे मिटून घेतले. खोलीत त्याच्या घशातली खरखर तेवढी ऐकू येत होती. खरखर वर चढली, मध्येच थांबली आणि अलगद खाली उतरली.

"आले हं," मावशी म्हणाली, आणि झगा सावरून उठून उभी राहिली.